सळईच्या वरचं कार्ड

ऑफिसात तिला सगळे खुसपट म्हणायचे. आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं हो, पण बारा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम केलं की चांगलं नाव टिकतं कुठे? ती टेस्टर होती. प्रोग्रॅम लिहिणारे लिहून मोकळे व्हायचे आणि ही त्यात खुसपटं काढत बसायची. आधी कोणीतरी पाठीमागे म्हणालं, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि शेवटी तिनंच आपल्या चहाच्या कपावर रंगानं लिहून टाकलं: खुसपट. म्हणाली, नाव पडलंच आहे तर निदान कप तरी कोणी पळवणार नाही.

एका मंगळवारी साहेब कागद घेऊन तिच्या टेबलाशी आले. एका मोठ्या वाचनालयासाठी केलेला प्रोग्रॅम तयार झाला होता. वाचनालयाच्या लाकडी कपाटांत हजारो कार्डं होती, एकेका विषयाचं एकेक कार्ड, अक्षरांच्या क्रमानं खणाखणांत लावलेलं. ते सगळं आता पडद्यावर यायचं होतं, आणि तेही चौदा भाषांत, कारण तिथे पुस्तकंच चौदा भाषांची होती. शुक्रवारी तिथे जाऊन प्रोग्रॅम दाखवायचा होता. कागदाच्या तळाशी दोन रेघा होत्या. ‘करणारा’ या रेघेवर सही झालेली होती. ‘तपासणारा’ ही रेघ रिकामी होती.

“चारशे बारा टेस्ट,” साहेब म्हणाले. “चारशे बाराच्या चारशे बारा हिरव्या, सगळ्या पास. करा सही.”

“मी नाही करत.”

“का?”

“क्षयरोग सापडत नाही.”

साहेबांना वाटलं, बाई आजारी आहेत. तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. आपल्या भाषेची यादी उघडून ती थेट टोकाला गेली होती, कारण शाळेत आपण सगळ्यांनी तेच घोकलं: ह, ळ, क्ष, ज्ञ, पाटी बंद. पण यादीच्या टोकाला क्षयरोगही नव्हता आणि ज्ञानकोशही नव्हता. क्षयरोग सापडला तो पार वर, क्लोरीन आणि खगोलशास्त्राच्या मध्ये अंग चोरून उभा. काळजी नावाचं कार्ड कासवाच्या नंतर यायचं, ते कासवाच्या आधीच, कालव्यांना लागून बसलं होतं.

“वाचनालयात येणारा माणूस क्षयरोगाचं पुस्तक शेवटी शोधणार,” ती म्हणाली. “मिळालं नाही की समजणार, पुस्तकच नाही. घरी जाणार.”

तेवढ्यात प्रोग्रॅम लिहिणारा आला. त्याला झटपट म्हणत. आठवड्याचं काम दोन दिवसांत करायचा आणि उरलेले तीन दिवस ते सांगत फिरायचा. मुलगा वाईट नव्हता, पण थांबणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं.

“ताई, टेस्ट हिरवी आहे ना?” तो म्हणाला. “यंत्रानं लावलेला क्रम आपण उत्तरयादीशी ताडून बघतो. आणि उत्तरयादी भाषेच्या तज्ज्ञांकडून आलीय. चौदा भाषांचे चौदा तज्ज्ञ. आता तुम्ही तज्ज्ञांपेक्षा शहाण्या का?”

तज्ज्ञ म्हटलं की माणूस स्वतःवरच शंका घेतो. कदाचित क्रम बदलला असेल, कदाचित आपणच जुन्या जमान्यातले, असं तिलाही क्षणभर वाटून गेलं. पण हात काही सहीकडे जाईना.

साहेबांनी घड्याळ बघितलं. “गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत सही पाहिजे,” ते म्हणाले. “नाहीतर सोमवारपासून हे टेबल दुसऱ्या कोणाचं. खरं सांगू का बाई? सगळं हिरवं असताना तपासायला माणूस कशाला ठेवता, असं वरचे मला आधीच विचारतायत. त्यांना आयतं कारण देऊ नका.”

बारा वर्षं झाली होती त्या टेबलाला. त्याचा डावा ड्रॉवर लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, हे जगात फक्त तिलाच माहीत होतं.

घरी गेली ती सरळ स्वयंपाकघरात, चहा टाकायला. आता ह्या स्वयंपाकघराविषयी सांगायलाच हवं. फळीवर डबे होते ते अक्षरांच्या क्रमानं: चहा, डाळ, तांदूळ, मीठ, मोहरी, रवा, साखर, हळद. ही सासूबाईंची शिस्त. सासूबाई एकतीस वर्षं त्याच मोठ्या वाचनालयात कार्डं लावायच्या. तिथे सगळे त्यांना कार्डबाई म्हणत, आणि निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी त्यांची बोटं काही निवृत्त झाली नव्हती. सुनेनं डबा काढला तर तो परत ओळीत सरकवायची तिला मुभा नव्हती. ओळीच्या बोटभर पुढे ठेवायचा. मग सासूबाई येणार, जागा बरोबर आहे का बघणार, आणि स्वतः आत सरकवणार. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षं मिठाचा डबा सासूबाईंनीच आत सरकवला होता. नवरा ह्या भानगडीत पडत नसे. तो बिनसाखरेचा चहा प्यायला शिकला होता.

तिनं चहाचा डबा बोटभर पुढे ठेवला आणि सासूबाईंना सगळं सांगितलं.

“क्षयरोग ‘क’च्या पोटात?” सासूबाई कडाडल्या. “अगं, काय डोकं फिरलंय का त्यांचं? क्ष शेवटच्या खणात! एकतीस वर्षं मी तो खण ओढलाय, उघडताना करकरतो तो.”

“पण आई, तज्ज्ञांची यादी आहे म्हणतात.”

“तज्ज्ञ गेले खड्ड्यात. मला एवढंच सांग, सळई कोणी ओढली?”

सुनेला काही कळेना. सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि समोर बसवून तिला समजावलं. कार्डांच्या प्रत्येक खणात तळाशी एक लांब पितळी सळई असते. प्रत्येक कार्डाला खाली भोक असतं, सळई त्यातून ओवलेली, म्हणजे कार्ड कोणी उपटून नेऊ शकत नाही. नवीन कार्ड आलं की लावणारी ते योग्य जागी सळईच्या वरच टेकवून ठेवते. ओवत नाही. ते बाकीच्यांपेक्षा अर्धं बोट वर दिसत राहतं. मग दुसरी बाई येते, डोकं वर काढलेलं प्रत्येक कार्ड तपासते, आणि जागा बरोबर असेल तरच सळई ओढून कार्ड खाली बसवते, सळई परत सारते.

“लावणारीनं तपासायचं नाही. कधीच नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मी सगळ्यांत मोठी होते तिथे, तरी माझं कार्ड मी नाही बसवलं. आपली चूक आपल्याला दिसत नसते, सूनबाई. आपल्याला आपलं सगळं गोडच दिसतं. म्हणून विचारतेय, त्या यादीची सळई कोणी ओढली?”

सुनेनं हातातला कप खाली ठेवला. बारा वर्षांत हा प्रश्न तिनं प्रोग्रॅमविषयी रोज विचारला होता. उत्तरयादीविषयी एकदाही विचारला नव्हता. कोणीच नव्हता विचारला.

बुधवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. कोणती फाइल कोणी, कधी, का बदलली, ह्याची नोंद यंत्रात असतेच. सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बघत नाही. तिनं उत्तरयादी काढली आणि मागे मागे जात पहिल्या नोंदीपर्यंत पोचली. चौदा महिन्यांपूर्वीची नोंद. क्रम लावायचा प्रोग्रॅम तयार झाला दुपारी चार वाजून तीन मिनिटांनी. उत्तरयादी तयार झाली चार वाजून पाच मिनिटांनी. करणारा एकच. आणि शेजारी एक ओळ लिहिलेली: “तात्पुरती. तज्ज्ञांची यादी आली की बदलणे.”

दोन मिनिटांत चौदा भाषांचे चौदा तज्ज्ञ! ती खुर्चीत मागे टेकली आणि एकटीच मोठ्यानं हसली.

झटपट आला तेव्हा तिनं काही न बोलता त्याला खुर्ची दिली आणि बोटानं ती ओळ दाखवली. त्यानं वाचली. पुन्हा वाचली. चेहरा असा उतरला की तिलाच वाईट वाटलं.

“ताई... मी यंत्रानं लावलेलीच यादी उत्तर म्हणून ठेवली होती. दोन दिवसांपुरती. तज्ज्ञांना पत्र जाणार होतं.”

“गेलं?”

“मला वाटलं साहेबांनी पाठवलं. साहेबांना वाटलं असेल मी पाठवलं.”

“म्हणजे चौदा महिने पोरगा आपला पेपर आपणच तपासतोय आणि पैकीच्या पैकी घेतोय,” ती म्हणाली. “हिरवं नाही होणार तर काय होणार? तू उद्या उलटा क्रम लावलास तरी हिरवंच.”

तो डोकं धरून बसला. पण झटपट होता तो. रडत बसण्यातही त्यानं वेळ घालवला नाही. पाच मिनिटांत मूळ दुखणं शोधलं. यंत्राला अक्षरं कळत नाहीत, प्रत्येक अक्षराचा एक आकडा कळतो. भाषा कोणती हे सांगितलं नाही तर ते आकड्यांप्रमाणे रांग लावून मोकळं होतं. क्ष हे त्याच्या लेखी अक्षरच नाही, क आणि त्याला चिकटलेलं काहीतरी. आणि भाषा सांगणं का गरजेचं, तर रोमन लिपीतलं डोक्यावर दोन ठिपके असलेलं एकच अक्षर एका भाषेत साध्या अक्षराच्या शेजारी बसतं, आणि दुसऱ्या भाषेत सगळ्यांच्या शेवटी. प्रत्येक घराची बसायची पद्धत वेगळी. ह्या पद्धती यंत्रात तयारच होत्या. झटपटनं घाईत भाषेची जागाच रिकामी सोडली होती.

“दुपारपर्यंत दुरुस्त करतो,” तो म्हणाला. “पण ताई, दुरुस्त झालं हे सिद्ध कशानं करायचं? पुन्हा यंत्रालाच विचारून?”

हा प्रश्न मात्र त्यानं लाखमोलाचा विचारला.

दोघं साहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकलं, दार लावलं, आणि आवाज खाली आणला. “शुक्रवार परवावर आलाय. आत्ता हात घातला आणि दुसरंच काही मोडलं तर? आहे तसं दाखवू. नंतर गुपचूप दुरुस्त करू. ते काय टोकापर्यंत बघणार आहेत?”

“साहेब, बघणार नाहीत असं समजून मी सही करायची?”

“बाई, तुम्ही हट्टाला पेटलात.”

“पेटले.”

साहेबांनी सहीचा कागद पुढे ओढला, पुन्हा मागे सारला. मग म्हणाले, “ठीक. करा दुरुस्त. उद्या सहापर्यंत मला पुरावा पाहिजे, यंत्राचा नाही, माणसाचा. आणि शुक्रवारी वाचनालयात एक कार्ड, एक जरी कार्ड चुकलं, तर सगळ्यांसमोर सांगायचं की हा हट्ट तुमचा होता. मग सोमवारी इकडे यायचे कष्ट घेऊ नका.”

“कबूल,” ती म्हणाली.

तज्ज्ञ कुठून आणायचा? चौदा महिने सगळे तज्ज्ञाची वाट बघत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तज्ज्ञ तिच्या घरी मिठाचा डबा आत सरकवत बसली होती.

गुरुवारी सकाळी साडेनऊला कार्डबाई ऑफिसात हजर झाल्या. इस्त्रीची साडी, हातात पिशवी, पिशवीत बोटं ओली करायची स्पंजची डबी आणि विणायची एक लांब सुई. रखवालदारानं ओळखपत्र मागितलं तर म्हणाल्या, “मी तज्ज्ञ आहे,” आणि आत आल्या. काचेच्या खोलीत मोठ्या टेबलावर झटपटनं दोनशे चाळीस चिठ्ठ्या पसरून ठेवल्या होत्या. मुद्दाम अवघड शब्द निवडलेले, प्रत्येक चिठ्ठीला खाली भोक पाडलेलं. बाकीच्या तेरा भाषांसाठी ऑफिसातलेच त्या त्या भाषेचे लोक पकडून शेजारच्या खोल्यांत बसवले होते. जो लावेल तो तपासणार नाही, असा सक्त हुकूम होता.

सासूबाईंनी बोट ओलं केलं आणि सुरुवात केली. अहो, काय ते हात! चिठ्ठी उचलली, डोळ्यांसमोरून गेली, ढिगात पडली. काचेबाहेर पोरं गोळा झाली. कोणीतरी वेळ लावली. दोनशे चाळीस चिठ्ठ्या बावन्न मिनिटांत रांगेत लागल्या.

“घे,” सासूबाई सुनेला म्हणाल्या. “आता तू.”

“मी?”

“मग काय मी माझंच तपासू? परवा काय घोकून घेतलं तुझ्याकडून?”

अठरा वर्षांत सासूबाईंचं काही तपासायची वेळ तिच्यावर आली नव्हती. ती एकेक चिठ्ठी बघत गेली. सासूबाई हाताची घडी घालून समोर बसल्या होत्या, चेहऱ्यावर ‘बघ हवं तर’ असा भाव. एकशे सदतिसाव्या चिठ्ठीशी ती थांबली. पुढची बघितली, मागची बघितली.

“आई, पाऊस आणि पाककला. पाऊस आधी यायला हवा. तुम्ही पाककला आधी लावलीय.”

सासूबाई उठल्या, चष्मा पुसला, वाकून बघितलं. मग नाकपुड्या फुगल्या, आता हिची खैर नाही असं झटपटला वाटलं, आणि सासूबाई एकदम खुदकन हसल्या.

“बघितलंस? म्हणून तर सळई!”

तिनं चिठ्ठी जागेवर ठेवली, सगळ्या चिठ्ठ्यांतून विणायची सुई ओवली, आणि ती यादी उत्तर म्हणून यंत्रात गेली. आधी जुना प्रोग्रॅम चालवला. एकसष्ट ठिकाणी लाल! चौदा महिन्यांत त्या पडद्यावर पहिल्यांदा लाल रंग दिसला, आणि झटपटनं टाळी वाजवली. स्वतःचीच चूक पकडली म्हणून टाळी वाजवणारा माणूस तिनं पहिल्यांदा बघितला. मग दुरुस्त केलेला प्रोग्रॅम चालवला. पडदा वरून खाली हिरवा होत गेला, दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस. संध्याकाळपर्यंत शेजारच्या खोल्यांतूनही एकेका भाषेची आरोळी येत गेली. पावणेसहाला तिनं ‘तपासणारा’ ह्या रेघेवर सही केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब फक्त एवढंच म्हणाले, “उद्या बघू.”

शुक्रवारी चौघं वाचनालयात गेली. सासूबाईंना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना नको म्हणायची कोणाची छाती होती? कार्डांच्या दालनात भिंतभर लाकडी कपाटं होती, पितळी मुठी हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. ग्रंथपालबाई उंच, शिस्तीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. सासूबाईंना बघून मात्र त्यांचा चेहरा पोरीसारखा झाला.

“कार्डबाई! तुम्ही!” आणि त्या खाली वाकून पाया पडल्या. त्यांच्या हाताखालीच कार्डं लावायला शिकल्या होत्या ना.

पण काम म्हणजे काम. ग्रंथपालबाईंनी साहेबांचे तक्ते, हिरवे आकडे, सगळं बाजूला सारलं. “हे राहू द्या. शितावरून भाताची परीक्षा होते,” असं म्हणून त्या कपाटाशी गेल्या आणि अगदी शेवटचा, उजव्या कोपऱ्यातला खण ओढला. खण करकरला. “मी ह्यातलं एकेक कार्ड वाचते, तुम्ही पडद्यावर दाखवा. पहिलं चुकीचं निघालं की आपला नमस्कार. आमचे खण आम्हाला बरे.”

साहेबांनी खुसपटकडे बघितलं. बुधवारची ‘सोमवारी इकडे यायचे कष्ट घेऊ नका’ ही ओळ त्यांच्या बघण्यात स्पष्ट वाचता येत होती.

वाचन सुरू झालं. हवामान. पडद्यावर हवामान. हस्तकला, हाडे, हिमनद्या, हृदय. सगळं जुळत गेलं. ह संपला, आणि पडद्यावर, टोकाला, जिथे असायला हवा तिथे, क्षयरोग आला. तिला त्या आजाराच्या नावाचा इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

“पुढचं,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “क्षेत्रमापन.”

झटपटचं बोट थांबलं. पडद्यावर क्षेत्रमापन नव्हतं. क्षार होतं.

“क्षार,” तो हळूच म्हणाला.

“खणात क्षेत्रमापन आहे.” ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला. “चाळीस वर्षांचा खण आहे हा. हा चुकत नाही.”

साहेबांनी घसा खाकरला. “ह्या बाबतीत आमच्या ह्या बाईंनी जरा हट्ट...”

बारा वर्षं, टेबल, लाथेनं उघडणारा ड्रॉवर, सगळं खुसपटच्या डोळ्यांपुढून गेलं. पण डोळे बिचारे सवयीचे गुलाम. ते खुसपट शोधायला गेलेच. ती खणावर वाकली. कार्डांची ओळ सपाट होती, एका पातळीत कापल्यासारखी, आणि त्या ओळीतून एक कार्ड अर्धं बोट वर आलं होतं.

“बाई,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, “हे कार्ड सळईच्या वर आहे.”

“काय?”

“सळई ह्याच्यातून गेलेली नाही. हे लावलंय, पण कोणी तपासलेलं नाही. ह्याच्या मागचं कार्ड वाचा.”

ग्रंथपालबाईंनी मागचं कार्ड पुढे केलं. क्षार. आधी क्षार, मग क्षेत्रमापन, हे दुसरीतलं पोरही सांगेल. पण एवढ्या वर्षांच्या खणावर शंका घ्यायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. खण बरोबर, यंत्र चूक, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

ग्रंथपालबाईंनी ते वर आलेलं कार्ड उचललं. सळई नव्हती, अलगद हातात आलं. त्यांनी कोपऱ्यातली तारीख वाचली आणि हळूहळू खुर्चीवर बसल्या.

“हे माझं अक्षर आहे,” त्या म्हणाल्या. “कार्डबाई, तुम्ही निवृत्त झालात ना, त्याच आठवड्यात लावलं होतं मी हे. घाईत होते. म्हटलं, कोणीतरी तपासेल. पण तुमच्यानंतर सळई ओढणारं कोणी उरलंच नव्हतं. आठ वर्षं हे असंच वर डोकं काढून वाट बघतंय.”

“आणि एवढ्या वर्षांत कोणाला दिसलं नाही,” सासूबाई म्हणाल्या. मग सुनेकडे बघून, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “माझ्या सुनेला दिसलं.”

सासूबाई पुढे झाल्या. खणाचा पितळी स्क्रू फिरवला, सळई सरसर बाहेर ओढली, क्षेत्रमापनाचं कार्ड क्षाराच्या मागे ठेवलं, दोन बोटांनी खाली दाबलं, आणि सळई परत सारली. ओळ सपाट झाली. ग्रंथपालबाई पुन्हा वाचू लागल्या. शेवटच्या कार्डापर्यंत वाचन झालं, ज्ञानेंद्रिये पडद्यावर आली, आणि त्यांनी पेन मागून मंजुरीच्या कागदावर अशी ठसठशीत सही केली की ती खालच्या कागदावरही उमटली.

“एकच अट,” त्या साहेबांना म्हणाल्या. “पुढे काहीही बदललं तरी तपासायला ह्याच बाई पाहिजेत.”

साहेब भले गृहस्थ होते, फक्त घाबरट. गाडीत बसण्याआधी ते तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “चुकलं माझं. सोमवारी या. वरच्यांना काय सांगायचं ते आता मला कळलंय.” झटपटनं तर वाटेतच उत्तरयादीची नोंद बदलून टाकली. ‘तात्पुरती’ ही ओळ खोडून त्या जागी लिहिलं: “लावणारी: कार्डबाई. सळई ओढली: खुसपट.” तिनं ते वाचलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण डोळे भरले होते आणि चालत्या गाडीत ते कोणाला दाखवायची तिची इच्छा नव्हती.

शनिवारी सकाळी ती उशिरा उठली. स्वयंपाकघरात गेली तर सासूबाई बाजारातून आलेल्या, पिशवी रिकामी करून झालेली. फळीवर एक नवा डबा होता, मिऱ्यांचा. तांदळाच्या नंतर, मिठाच्या आधी, जिथे असायला हवा तिथेच. पण आत सरकवलेला नव्हता. ओळीच्या बोटभर पुढे उभा होता.

सासूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून गॅसवर दूध बघत होत्या. दूध अजून तापायलाही लागलं नव्हतं.

“आई,” ती म्हणाली, “हा डबा बाहेर राहिलाय.”

“राहिला नाहीये,” सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. “मी लावलाय. तू तपास.”

तिनं डावीकडचा डबा बघितला, उजवीकडचा बघितला. मग तळहातानं मिऱ्यांचा डबा आत सरकवला.